जनूकाकांचं लाल तळं

बाबांचा फोन आला तेव्हा मी ऑफिसात एका परदेशी शहराची छपरं आखत होते. उपग्रहाने वरून काढलेल्या छायाचित्रांवर रस्ते, घरं, झाडं निरनिराळ्या रंगांच्या रेषांनी वेगळी करायची, हे माझं काम. ते शहर मी कधी पाहिलेलं नाही, पाहीन असंही नाही. बाबा म्हणाले, "जनूदादा गेला गो." सकाळी काकांनी काकीला चहा टाकायला सांगितलं, पडवीतल्या खाटेवर आडवे झाले, आणि ती चहा घेऊन बाहेर आली तेव्हा... एवढंच. मी "निघते" म्हणाले. शेजारच्या टेबलावरच्या मुलीने खुणेनेच काय झालं विचारलं, तर मी "गावी जायचंय" असं सांगितलं. काका गेले, हे मला मोठ्याने म्हणता आलं नाही. ते खाटेवर कसे पडले असतील हे मात्र कुणी न सांगताही मला दिसलं. दोन्ही हात डोक्याखाली, पाय सरळ, टाचा जुळलेल्या, नजर कौलांकडे. ते नेहमी असेच पडायचे. आमच्या घरात त्याला 'तळ्यात पडणं' म्हणत.

जनूकाका माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. शहापूरहून मुरबाडकडे जाताना किन्हवलीच्या अलीकडे एक रस्ता आत वळतो, त्या रस्त्यावर आमचं गाव. बाबा नोकरीसाठी आणि माझ्या शाळेसाठी शहापूरला राहायला आले, काका गावीच राहिले. शेती भाताची, पण काकांचा जीव यंत्रांत. तालुक्यात मोठं धरण बांधलं जात होतं तेव्हा ते तिथे मजूर म्हणून लागले आणि काही वर्षांत डोझर चालवायला शिकले. त्याच धरणाच्या पाण्याखाली हिराकाकीचं माहेर गेलं. लग्न त्याआधीच झालेलं होतं. काकीच्या वडिलांना, आप्पांना, दुसरीकडे जागा मिळाली, घर मिळालं. पण त्या घराच्या ओट्यावर ते कायम पाहुण्यासारखे, डोक्यावरची टोपी न काढता बसलेले असत, असं माझी आई सांगते. जावई धरणावर कामाला होता, हे आप्पांनी कधी बोलून दाखवलं नाही. काकीनेही नाही. त्या घरात हा विषय मी कधी निघालेला ऐकला नाही, आणि तो नाही असंही मला कधी वाटलं नाही.

धरण पुरं झालं, डोझरचं काम लांब लांब मिळू लागलं, आणि नव्वदच्या सुमारास काका एका कंत्राटदारामार्फत लिबियाला गेले. तिथे वाळवंटाच्या पोटातलं पाणी उपसून समुद्रकाठच्या शहरांना न्यायचं मोठं काम चाललं होतं. माणूस उभा राहील एवढे पाइप पुरण्यासाठी काका चर खणत. "हितलं पाणी मुंबईला, तिथलं पाणी त्यांच्या मुंबईला," असं ते म्हणायचे. "माझ्या नशिबात पाणी धाडायचंच काम." काही वर्षांनी ते परतले तेव्हा मी शाळेत होते. एक जाड ब्लँकेट, एक टेपरेकॉर्डर, माझ्यासाठी खजुराचं पाकीट, आणि या सगळ्याबरोबर ते तळं आलं.

सुट्टीच्या दिवशी कॅम्पातली माणसं ट्रकने वाळूच्या टेकड्या ओलांडून तिकडे जायची. चारी बाजूंनी डोंगराएवढी वाळू आणि मधे एकाएकी तळं. काठाला खजुरीची झाडं, आणि पाणी लाल. मी विचारायची, लाल म्हणजे गेरूसारखं? "नाय गो. आमसुलाच्या सारासारखं. पेल्यात घेतलंस तर साधंच दिसतं." ते पाणी इतकं खारं होतं की माणूस त्यात बुडत नसे. आणि काकांना तर पोहता येत नव्हतं. लहानपणी ते विहिरीत पडले होते, तेव्हापासून बाकीची पोरं उड्या मारायची आणि काका काठावर त्यांचे कपडे सांभाळत बसायचे. त्या तळ्यात त्यांनी पहिल्यांदा पाण्यावर अंग टाकलं, आणि पाण्याने त्यांना धरलं. "खाटेवर पडतो तसा पडलो. हात डोक्याखाली. वर नुसतं आभाळ. कानात पाणी, म्हणून कुणाचा आवाज नाय..." इथे ते नेहमी थांबायचे. पुढे काहीतरी सांगायचं असायचं, पण त्यासाठी त्यांच्याकडे शब्द नव्हते आणि ते शोधायचेही नाहीत.

गावात यावर कोण विश्वास ठेवणार? गोटीराम म्हणजे गावातला गिरणीवाला, काकांचा लहानपणापासूनचा सोबती. पिठाने पांढऱ्या झालेल्या भुवया उडवत तो म्हणायचा, "जन्या, आपल्या विहिरीत तू कमरेला दोर बांधून पण उतरला नाय, आन वाळवंटात जाऊन पोहलास?"

"पोहलो नाय रे. तरंगलो."

"पाऊस किती तिथं?"

"पाऊस नाय."

"मग नदी असंल."

"नदी पण नाय."

"मग तळं भरतो कोण, टँकर?"

यावर गिरणीत जमलेली सगळी माणसं हसायची. आमच्याकडे दर उन्हाळ्यात टँकरची वाट बघावी लागते, त्यामुळे या विनोदाला तिथे कायम गिऱ्हाईक असायचं. काका म्हणायचे, पाणी खालून येतं, वाळूच्या पोटातून वर झिरपतं. पण आमच्याकडे पाणी साचतं ते वरून ओहोळ उतरतो म्हणून, नाहीतर कुणीतरी बांध घालतं म्हणून. बांध नाही, ओहोळ नाही, आणि तळं आहे, हे कुणाला पटेना. त्यावर कडी म्हणजे जवळा. त्या तळ्याच्या काठी एक लहानसं गाव होतं. तिथल्या बायका कमरेएवढ्या पाण्यात शिरून कापडाच्या झोळीने बारीक बारीक किडे धरायच्या, दिसायला थेट आपल्या जवळ्यासारखे, म्हणजे नखाएवढ्या कोळंबीसारखे. ते कुटून, थापून त्यांच्या वड्या वाळूवर वाळवायच्या आणि वर्षभर कालवणात घालायच्या. काकांनी ते कालवण खाल्लं होतं. "डोळे मिटून खाल्लंस तर आपल्या घरचं," ते सांगायचे. वाळवंटातला जवळा ऐकून गोटीरामने कोपरापासून हात जोडले होते. पुढे गावात कुणी थाप मारली की शाळकरी पोरंसुद्धा "वाळवंटातला जवळा काय?" असं विचारू लागली.

काकांना गोटीरामचं काही वाटत नसे. त्याने चिडवलं नसतं तरच त्यांना चुकल्यासारखं झालं असतं. त्यांना वाटायचं ते काकीचं. तळ्याचा विषय निघाला की काकी हातातलं काम घेऊन आत जायची. रागाने नाही, आपटून नाही. नुसती उठून जायची. याचं कारण आईने मला खूप उशिरा सांगितलं. काका तिकडे असताना पत्राऐवजी कॅसेट पाठवायचे. कुणी कामगार सुट्टीवर निघाला की त्याच्याजवळ द्यायची, तो मुंबईत उतरला की पुढे पोचवणार. आप्पा वारले तेव्हा काकांना कळवलं, पण निरोप जायला वेळ लागायचा. आणि इकडे आप्पांचे दिवस व्हायच्या आतच एक कॅसेट येऊन पोचली, आधीच भरून निघालेली. नवरा लांब आहे, त्याचा आवाज तरी ऐकू, काहीतरी धीराचं बोलला असेल, म्हणून काकीने ती शेजारून मागून आणलेल्या टेपवर सगळ्यांसमोर लावली. काकांचा हसरा आवाज आला. "हिरा, आज काय झालं माहिताय? मी पाण्यावर झोपलो..." मागे माणसं हसत होती, कुणीतरी गात होतं. ज्याचं घर, शेत, गाव पाण्याखाली गेलं त्या माणसाच्या सुतकात ही गोष्ट. काकीने बटण दाबलं. पुढचं तिने कधी ऐकलं नाही. काही वर्षांनी त्या कॅसेटवर कुणीतरी लग्नातली हळदीची गाणी भरली.

काका परत आल्यावर त्यांनी सगळं समजावून सांगितलं होतं. काकी म्हणाली होती, "माहीत हाय मला. तुमाला कुठं ठाऊक होतं." त्यावरून त्यांचं कधी भांडण झालं नाही. फक्त तळं त्यांच्या दोघांच्या मधे कायमचं बंद झालं. काकांची एकच मागणी असायची. पाऊस सरून बाजारात सुका जवळा दिसायला लागला की ते जेवताना म्हणायचे, "हिरा, त्या बायांसारखी वडी एकदा करून बघ की." काकी म्हणायची, "मी काय त्या बाया हाय?" आणि भात वाढायची. काका मागताना हसायचे. पण काकीचं उत्तर येईपर्यंत घास त्यांच्या हातातच असायचा. मी हे एकाहून जास्त वर्षं पाहिलं.

मी अबोल मुलगी. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची, त्यामुळे गावी गेल्यावर मी काही बोलले की भावंडांतलं कुणीतरी माझी नक्कल करायचं. मग मी बोलायचंच टाळू लागले. काका मला 'सायबीण' म्हणत, पण नक्कल त्यांनी कधी केली नाही. मी मधे बोलत नाही, उठूनही जात नाही, म्हणून असेल, तळं सगळ्यात जास्त वेळा त्यांनी मलाच सांगितलं. माझा विश्वास होता का? शाळेच्या भूगोलाच्या पुस्तकात वाळवंटातल्या हिरवळीचं एक चित्र होतं, पण त्यात पाणी निळं होतं. मी ते चित्र काकांना दाखवलं नाही. खरं-खोटं मी कधी ठरवलंच नाही. मला त्यांचं सांगणं आवडायचं, आणि सांगताना त्यांचे डोझरचे दांडे ओढून घट्टे पडलेले हात हवेत टेकड्या काढायचे, ते आवडायचं.

पुढे मी नकाशांच्या कामाला लागले. शहापूरच्या आमच्या घरी कॉम्प्युटर आला, त्याला इंटरनेट आलं. त्याच सुमाराला काकांच्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन शहापुरात झालं आणि पुढच्या तपासण्यांसाठी ते दोघं आमच्याकडे राहिले. पट्टी निघाल्यावर काका काळा चष्मा लावून दिवसभर नुसते बसून असायचे. त्यांना बसवेना. एका रविवारी मी त्यांना उपग्रहाची चित्रं दाखवणारा तो प्रोग्राम उघडून दिला. अख्खी पृथ्वी गोल फिरते, जिथे थांबवाल तिथे खाली उतरता येतं. आमचं गाव त्यात नुसता हिरवट तपकिरी डाग होता. धरणाचं पाणी मात्र स्पष्ट दिसलं, हाताची बोटं फाकवल्यासारखं डोंगरांच्या फटींतून पसरलेलं. काकांनी त्याच्याकडे थोडा वेळ पाहिलं. काकी स्वयंपाकघरात आईबरोबर भिजवलेले पावटे सोलत होती. काका हळूच म्हणाले, "पुढं चल." मग आणखी हळू विचारलं, "लिबिया दाखवतो काय हा?"

त्यानंतरचे काही रविवार आम्ही तळं शोधत होतो. दुपारी लाइट जायची, म्हणून जेवणाआधीच बसायचो. इंटरनेट इतकं सावकाश की आधी नुसते पिवळे चौकोन यायचे आणि मग एकेक चौकोन स्वच्छ व्हायचा. मी ऑफिसच्या सवयीने माउस ओढून झटकन पुढे जायची, तर काका हात धरायचे. "उडी मारू नको गो. वाट चुकंल." त्यांना तळ्याचं गाव नकाशात कुठे ते सांगता येत नव्हतं. त्यांना ते चालवत नेल्यासारखंच नेता येत होतं. म्हणून आम्ही कॅम्प होता तिथून निघायचो, हमरस्त्यावरून, ट्रक जाईल त्या चालीने. "आता ऊन डाव्या खांद्यावर. हितं टायरमधली हवा कमी करायची, वाळू लागली. आता सरळ." आणि मग ते हमखास चुकायचे. वाळूच्या रांगांत शिरलं की त्यांचं काहीतरी बिनसायचं. "हितं उतार पायजे... हितं खाली तळं पायजे," म्हणून ते बोट ठेवायचे आणि तिथे काही नसायचं. तीनदा-चारदा असं झाल्यावर त्यांनी चष्मा काढून ठेवला. "गोटीराम बोलतो तेच बरोबर असंल," असं ते हसत म्हणाले. ते हसू मला बघवलं नाही.

त्या रात्री अंथरुणावर पडल्यावर माझ्या ध्यानात आलं. ते ज्याला उतार म्हणत होते, तो चढ होता. उपग्रहाच्या चित्रात आमच्या या अर्ध्या पृथ्वीवर ऊन खालच्या बाजूने, दक्षिणेकडून पडलेलं असतं. आपल्या डोळ्यांना उजेड वरून यायची सवय. त्यामुळे कधीकधी टेकडी खड्ड्यासारखी दिसते आणि खड्डा टेकडीसारखा. आमच्याकडे कामाला लागलेल्या प्रत्येकाची पहिल्या दिवसांत हीच फसगत होते. काका तळं टेकड्यांच्या माथ्यावर शोधत होते. पुढच्या रविवारी मी काही न बोलता चित्र पूर्ण फिरवलं, दक्षिण वर, उत्तर खाली. काका खुर्चीत पुढे सरकले.

"काय केलंस गो?"

"लिबिया उलटा केला."

"थांब, थांब... आता वाळू वर आली बघ. आता बरोबर. चल."

यावेळी ते चुकले नाहीत. माझ्या हातावर त्यांचा हात होता, आणि मला नुसतं त्यांच्याबरोबर जायचं होतं. थोड्या वेळाने दोन रांगांच्या मधे एक काळपट निमुळतं पाणी दिसलं, काठाला हिरवी किनार. माझ्या तोंडून "काका, हे बघा" असं निघून गेलं. इतकी वर्षं मी काही ठरवलं नव्हतं, पण त्या क्षणी मला कळलं की मनातून मीही त्या तळ्यावर विश्वास ठेवला नव्हता. काकांना मात्र काहीच नवल वाटलं नाही. "हे आमचं नाय. हे वाटेतलं. हितं उतरायचो नाय, डास लय." त्यांनी माझा हात पुढे ढकलला. आणखी एक रांग ओलांडली. चौकोन एकेक करून स्वच्छ होत गेले. खजुरींचे बारीक काळे ठिपके गोलाकार उभे होते, आणि त्यांच्या मधे पांढरं. लाल नाही, काळं नाही, निळं नाही. कोरडं पांढरं.

"हेच," काका म्हणाले.

"काका, इथे पाणी नाहीये."

"हं. पण झाडं बघ. ह्या अंगाला दाट, आन त्या अंगाला दोनच लांब लांब. त्या दोघांच्या मधी आमी ट्रक लावायचो."

मला त्यांच्यासाठी काहीतरी करायचं होतं. मी म्हणाले, "मागचं ते पाणी असलेलं आहे ना, त्याचा फोटो छापून देते. गोटीरामकाकांना तोच दाखवा. त्यांना काय कळणार आहे?"

"त्याला नाय कळणार," काका म्हणाले. "पण मी त्याच्यात नाय ना पडलो."

तेवढ्यात काकी चहा घेऊन आली. ती दारातच थांबली. "काय झालं? सापडलं नाय?"

"सापडलं," काका म्हणाले.

"मग?"

"सुकलं."

काकीने चहाचा ट्रे टेबलावर ठेवला आणि पदराला हात पुसत पहिल्यांदा स्क्रीनकडे पाहिलं. "हे पांढरं काय हाय?"

"मीठ."

ती थोडी वाकली. "आन त्या बाया?"

"त्या आधीच गेल्या. मी तिथं होतो तेवाच उठवलं गाव. सरकारनं रस्त्याच्या कडंला नवी घरं दिली, लाइन लावून. दवाखाना जवळ, शाळा जवळ..."

"तुमी कधी बोलला नाय."

"कसा बोलणार?" काका म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. काकीलाही तो लागला नाही. "एक म्हातारी होती, ती जाईना. शेवटच्या ट्रकात..."

काकी पलंगाच्या कडेवर बसली. आप्पांचं नाव कुणी काढलं नाही. खिडकीबाहेर शेजारच्या कुकरची शिटी झाली. काकी स्क्रीनकडेच पाहत होती. मग तिने विचारलं, "आता त्या जवळा कुठं धरतात?"

काकांनी चष्मा काढला. "ठाऊक नाय, हिरा."

लाइट गेली. स्क्रीन काळा झाला. मी कप टेबलावर ठेवले आणि रिकामा ट्रे उचलून आत निघून आले, कारण तिथे थांबणं मला बरं वाटेना. स्वयंपाकघरात आई काही विचारणार होती, मी तिला खुणेने थांबवलं. बाहेरून काकीचा आवाज आला, "पाणी लाल कशानं होतं पण?" आणि काका अगदी पहिल्यापासून सांगू लागले. ट्रक, टायरमधली हवा, डास असलेलं तळं. बाबा बाजारातून आले तेव्हाही ते सांगतच होते. चहा तसाच राहिला होता.

ते तळं का सुकलं, हे मी नंतर शोधायचा प्रयत्न केला. जमिनीखालचं पाणी शहरांकडे उपसल्यामुळे, असं काही जणांचं म्हणणं होतं. अशी तळी शतकानुशतकं आपोआपच आटत आली आहेत, असं आणखी काही जणांचं. मी काकांना दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "चर मीच खणला ना तिथला." मी म्हणाले, तुम्ही एकट्याने थोडाच खणला. त्यांनी मान हलवली, पण माझं पटलं म्हणून नव्हे. "आपण नुसतं खणतो गो. पाणी कुठनं काढलं ते आपल्याला मागनं दिसतं."

त्यांच्या हट्टावरून मी कोरड्या तळ्याचंच चित्र छापून दिलं. गोटीरामने ते दिव्याखाली धरून पाहिलं. "हे तर माझ्या गिरणीतलं पीठ सांडलेलं दिसतं. तळं कुठं हाय?"

"सुकलं."

"लय सोयीनं सुकलं रे, जन्या."

हसणाऱ्यांत काकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता, असं मला चुलतभावाने सांगितलं. गोटीरामने तो कागद गिरणीच्या भिंतीला चिकटवला. दळण घेऊन येणाऱ्या प्रत्येकाला काका त्यावरून वाट सांगायचे आणि गोटीराम मधे मधे खोट काढायचा.

शहापूरहून ते दोघं गावी निघाले तो दिवस मला आठवतो. एसटी स्टँडवर मी पिशव्या धरून उभी होते. काकी गाडीत चढली, खिडकीशी बसली, आणि बाहेर उभ्या असलेल्या काकांना म्हणाली, "पाऊस सरू दे. ऊन पडलं का एकदा करते तुमच्या त्या वड्या." काका पायरीवर एक पाय ठेवून तसेच उभे राहिले, इतका वेळ की कंडक्टर म्हणाला, "चढताय का गाडी इथंच ठेवू, बाबा?"

त्या वर्षी पाऊस लांबला. भात कापणीला आलं तरी आभाळ मोकळं होईना. काका गेले ते त्याच दिवसांत.

दिवसकार्याला मी गेले होते, पण माणसांच्या गर्दीत काकीशी बोलणं झालं नाही. ती भिंतीला टेकून बसली होती आणि येणाऱ्या प्रत्येकीला तेच ते सांगत होती, चहा टाकायला सांगितला, मी आत गेले... मी तिच्याजवळ थोडा वेळ बसले आणि उठले. सांत्वनाचं मला बोलता येत नाही. परत निघताना गिरणीवरून आले. गिरणी बंद होती, पण दार उघडं होतं, आणि आत गोटीराम दोन परक्या माणसांना भिंतीवरचा पिठाने मळलेला कागद दाखवत होता. "हितं टायरमधली हवा कमी करायची," तो म्हणत होता. "मग सरळ."

मागच्या आठवड्यात पुन्हा गावी गेले. आता ऊन चांगलं पडतंय. काकांची खाट पडवीतून अंगणात काढली होती. वर त्यांची जुनी लुंगी अंथरलेली, आणि खाटेशेजारी काकी पाटा-वरवंटा घेऊन बसलेली. किन्हवलीच्या बाजारातून आणलेला सुका जवळा तिने भिजवून, मीठ घालून, वरवंट्याने वाटला होता. हात कोपरापर्यंत माखलेले. कावळ्यांसाठी बाजूला एक काठी ठेवली होती. मला पाहून ती म्हणाली, "बरं झालं आलीस. कसं सांगायचे गो ते? वडी केवढी?"

इतक्या वेळा ऐकलेलं ते सगळं मला पाठ होतं. मी म्हणाले, "तळहाताएवढी. गोल."

"आन?"

"मधे अंगठ्याने दाबायची. म्हणजे आतपर्यंत वाळते."

काकीने एक गोळा घेतला, हातावर थापला, मधे अंगठा दाबला आणि माझ्यापुढे धरला. मी मान हलवली. मग ती एकेक करून खाटेवर ठेवत गेली, डोक्याकडून पायांकडे. मी पाट्यावरच्या वाटणाचे गोळे करून देत होते. आम्ही फारसं काही बोललो नाही. काका असते तर म्हणाले असते, सायबीण आणि हिरा, दोघी सारख्याच.

उन्हं कलली तेव्हा मी ओट्यावर उभी राहून वरून पाहत होते. तपकिरी वड्या कडेने सुकल्या होत्या, आणि प्रत्येकीच्या मधल्या खळग्यात बारीक पांढरं जमलं होतं. काकीने एक वडी उचलून उजेडात धरली.

"मीठ वर आलं," ती म्हणाली, आणि खळगा आभाळाकडे राहील अशी ती जपून परत खाटेवर ठेवली.